उपकारस्तुती आणि नाबोथाचा मळा

शास्त्रपाठ : १ राजे २१:१-१९, निर्गम २३:९, स्तोत्र ११६:१२



देवाच्या उपकारांची फेड कशी करावी, हा स्तोत्रकर्त्याचा प्रश्न आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. ३ फेब्रुवारी १७८८ रोजी ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या किनाऱ्यावर रेव्ह. रिचर्ड जॉन्सन यांनी तेथला पहिला उपदेश केला, तो याच वचनावर. त्यांचे श्रोते होते इंग्लंडहून हद्दपार केलेले कैदी आणि त्यांच्यावर पहारा करणारे शिपाई.

काळ्या पाण्याची शिक्षा आपल्याला अंदमानामुळे ठाऊक आहे. त्याच्या सत्तर वर्षे आधी हे कैदी ११ जहाजांच्या ताफ्यातून ऑस्ट्रेलियास पोहोचले. पुष्कळांचा गुन्हा किरकोळ चोरीचा होता. १८६८ पर्यंत असे सुमारे १,६२,००० कैदी तेथे नेण्यात आले. घरदार तुटले, पायांत बेड्या पडल्या, पाठीवर चाबूक बसला. त्यांचे दुःख खरे होते.

परंतु ज्या भूमीवर ती उपासना झाली ती ओसाड नव्हती. तेथे गॅडिगल लोक राहत होते आणि त्या खंडात मूलनिवासींची वस्ती किमान पन्नास हजार वर्षांची होती. त्यांच्याशी करार झाला नाही, त्यांना किंमत दिली गेली नाही. १७८९ मध्ये देवीची साथ येऊन सिडनीभोवतालचे पुष्कळ मूलनिवासी मेले. अहाब राजाने नाबोथाला निदान मोबदला तरी देऊ केला होता! ही भूमी कोणाच्याच मालकीची नव्हती, हे गृहीत तेथील सर्वोच्च न्यायालयाने ३ जून १९९२ रोजी फेटाळले. तो दावा लढणारे एडी माबो त्याच वर्षी जानेवारीत वारले होते.

आता मायल क्रीकची हकीकत पाहा. १० जून १८३८ रोजी बारा घोडेस्वारांनी तेथील वीराराई लोकांना दोराने बांधून नेले आणि किमान २८ जणांना ठार मारले. त्यांत बहुतेक बायका, मुले व म्हातारी माणसे होती. त्या बारांपैकी अकरा जण कैदी किंवा सुटलेले कैदी होते. ज्यांना स्वतः बेड्यांचा अनुभव होता, त्यांनीच दुसऱ्यांना दोर बांधला.

मिसरात दास्य सोसलेल्या इस्राएलाला परक्यावर जुलूम न करण्याची आज्ञा देव देतो आणि परक्याच्या जिवाला काय वाटते हे तुम्ही जाणता, याची आठवण करून देतो. ही आठवण द्यावी लागते, कारण दुःख सोसले म्हणून माणूस आपोआप दयाळू होत नाही.

तरी त्या ठिकाणी जॉर्ज अँडरसन नावाचा झोपडीची राखण करणारा एक माणूस होता. तोही कैदीच. तो त्या कृत्यात सामील झाला नाही आणि न्यायालयात त्याने साक्ष दिली. पहिल्या खटल्यात आरोपी सुटले. दुसऱ्यात सात जणांना फाशी झाली. त्यांचा म्होरक्या, एक स्वतंत्र वसाहतवाला, मात्र कधीच सापडला नाही. आज मायल क्रीक येथे २००० साली उभारलेले स्मारक आहे. मारणाऱ्यांचे आणि वाचलेल्यांचे वंशज तेथे एकत्र येऊन मृतांचे स्मरण करतात.

बंधुभगिनींनो, आपणही अपमान आणि अन्याय सोसला आहे. म्हणूनच आपण स्वतःस विचारू या. विधवा वहिनीचा शेतातला वाटा आपल्या नावावर चढलेला नाही ना? घरी राबणाऱ्या बाईची मजुरी थकलेली नाही ना? जक्कयाच्या घरी प्रभू आला तेव्हा तो केवळ आनंदला नाही. घेतलेले चौपट परत करण्यास उभा राहिला.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस एक विनंती. नाबोथाचा पाठ शिकवताना अहाबाच्या शिक्षेपाशी थांबू नये. तो मळा नाबोथाच्या घराण्याला परत मिळाला काय, हेही मुलांना विचारावे.

येत्या उपकारस्तुतीच्या भक्तीस दान घेऊन जाण्यापूर्वी, जे दुसऱ्याचे आहे ते आधी त्याच्या दारी पोहोचते करू या. प्रभू आपणांस तसे धैर्य देवो. आमेन.