दुसऱ्याच्या नावाचा माल

एडिसन, पिस्कॅटवे, साउथ प्लेनफील्ड या न्यू जर्सीच्या पट्ट्यात नवरात्र संपलं की फराळाच्या मागण्या सुरू होतात. पण घरच्या ओव्हनमध्ये भाजलेली नानकटाई शेजाऱ्याला विकणं इथे 4 ऑक्टोबर 2021 पर्यंत कायद्यात बसत नव्हतं. अशी परवानगी देणारं न्यू जर्सी हे अमेरिकेतलं शेवटचं राज्य. घरगुती बेकरांनी 2017 मध्ये राज्याविरुद्ध दावा लावला, त्यानंतर नियम आला: दोन वर्षांसाठी 100 डॉलरचा परवाना, वर्षाला 50,000 डॉलरपर्यंत विक्री, फक्त न नासणारे पदार्थ. वेष्टनावर बनवणारीचं नाव हवं, आणि माल तिने थेट खाणाऱ्याच्या हाती द्यायचा. दुकानदाराला घाऊक विकायचा नाही. म्हणजे छोट्याला मोकळीक आहे, पण ती त्याच्या स्वतःच्या नावाला बांधलेली आहे.

भोसरीत किंवा वागळे इस्टेटीत ज्यांनी कारखाना चालवला, त्यांना ही अट ओळखीची वाटेल. भारतात केंद्रीय उत्पादन शुल्काच्या काळात लघुउद्योगाला सूट होती, आणि तीस वर्षं त्या सुटीच्या मानेवर हाच प्रश्न बसलेला होता: डब्यावर नाव कोणाचं?

1 मार्च 1986 च्या 175 क्रमांकाच्या अधिसूचनेने छोट्या कारखानदारांना सवलत दिली. तिचा फायदा कोण घेईल हे सांगायला ज्योतिषी नको होता. मोठ्या कंपन्यांनी माल छोट्यांकडून करून घ्यायला सुरुवात केली. नाव कंपनीचं, जाहिरात कंपनीची, नफ्याचा मोठा वाटा कंपनीचा. कागदावर उत्पादक मात्र गाळ्यातला माणूस, आणि तो शुल्कमुक्त. म्हणून 1 ऑक्टोबर 1987 पासून अट आली की सुटीला पात्र नसलेल्या दुसऱ्या व्यक्तीचा ब्रँड मालावर लावला तर सूट नाही. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पालिवाल इलेक्ट्रिकल्सच्या खटल्यात ही अट वैध ठरवली. सरकारचा संशय खरा होता, आणि तो तसा होता हे लघुउद्योगाची बाजू घेणाऱ्यांनीही मान्य करायला हवं.

माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. 2003 च्या 8 क्रमांकाच्या अधिसूचनेपर्यंत येता येता ‘सुटीला पात्र नसलेल्या’ हे शब्द गळून गेले होते. आता दुसऱ्याचा कोणताही ब्रँड चालत नव्हता, नोंदलेला असो वा नसो. मसाल्याचं नाव बाळगणारा एक छोटा व्यापारी आणि त्याच्यासाठी माल करून देणारा दुसरा छोटा कारखानदार, दोघांची उलाढाल मिळूनही मर्यादेच्या आत, तरी सूट नाही. मर्यादा आधी एक कोटीची होती, 2007 पासून दीड कोटीची झाली. आदल्या वर्षी चार कोटींपर्यंत उलाढाल असलेला त्यात बसे. पण मोठा माणूस छोट्याआड लपतो म्हणून घातलेली अट आता छोट्याआड लपलेल्या छोट्यालाही पकडू लागली. इथे कोणाची लबाडी रोखली जात होती?

न्यायालयांपुढे शब्द होते, आणि त्यांनी शब्दच वाचले. 2005 मध्ये कोहिनूर इलॅस्टिक्सचं प्रकरण आलं. आतल्या कपड्यांना लागणारी इलॅस्टिकची पट्टी हा कारखाना करी आणि गिऱ्हाइकाचं नाव त्या पट्टीवर घालून देई. ही पट्टी कोणी बाजारात सुटी विकत घेत नाही, ती कपड्यात शिवली जाते, हा युक्तिवाद टिकला नाही. नाव दुसऱ्याचं आहे, एवढं पुरलं. जानेवारी 2013 मध्ये ‘कुकी मॅन’चा निकाल लागला. परदेशी नावाखाली चालणाऱ्या या दुकानांत डबाबंद बिस्किटांवर शुल्क भरलं जाई, पण ताटातून सुटी विकलेल्या बिस्किटांवर नाव छापलेलं नाही म्हणून सूट मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. नाव मालावर छापलेलंच हवं असं नाही, ज्या दुकानात, ज्या पाटीखाली तो विकला जातो तिथूनही ते मालाला चिकटतं, असं न्यायालय म्हणालं. हा निकाल मला पटतो. गिऱ्हाईक पाटी पाहूनच आत येतं. पण पाटीची किंमत एवढी ओळखल्यावर कर पाटीच्या मालकाकडून का घेतला नाही?

याचं उत्तर उत्पादन शुल्काच्या घडणीत आहे. तो कर माल तयार होण्यावर होता. नावाची कमाई मात्र फाटकाबाहेर, दुकानात आणि जाहिरातीत होते. कंपनी कागदोपत्री उत्पादक नसल्यामुळे तिच्यापर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून पोचेल त्याची मान धरली गेली. छोट्याला कच्च्या मालावरच्या शुल्काची वजावट मिळत होती हे खरं, त्यामुळे सगळा बोजा त्याच्या अंगावर राहत नसे. पण नोंदणी, रजिस्टरं, विवरणपत्रं, आणि चार-पाच वर्षांनी येणारी कारणे दाखवा नोटीस यांना वजावट नव्हती.

दुसरी वाट नव्हती असंही नाही. 2011 मध्ये ब्रँडेड तयार कपड्यांवर 10 टक्के शुल्क सक्तीचं झालं, तेव्हा ते भरण्याची जबाबदारी शिवणाऱ्यावर नव्हे, काम करवून घेणाऱ्यावर होती. ग्रामीण भागातल्या कारखान्याला तर दुसऱ्याच्या नावाचा माल करूनही सूट होती. तिथे प्रश्न महसुली दप्तराचा: जागा गावात मोडते की नगरपालिकेत? एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन कर असू शकत होते, आणि शहराची हद्द वाढली की कारखाना जागचा न हलता करपात्र होई.

आता अमेरिकेकडे पाहू, कारण हा पेच इथल्या उत्पादन शुल्कालाही पडला आहे. छोट्या बिअर उत्पादकांना केंद्रीय करात सवलत आहे: वर्षाला 20 लाख बॅरलपर्यंत उत्पादन असेल तर पहिल्या 60,000 बॅरलवर दर बॅरलला 3.50 डॉलर. मोठ्यांना पहिल्या 60 लाख बॅरलवर 16 डॉलर. 2018 पासून लागू झालेला हा दर डिसेंबर 2020 मध्ये कायम झाला. त्याच कायद्यात असं कलम आहे की सारख्या ब्रँडखाली, परवान्याखाली किंवा तशाच करारातून माल काढणारे वेगवेगळे उत्पादक, मालकी वेगळी असली तरी, एकच करदाता धरले जातील. संशय दिल्लीतलाच, इलाज निराळा. नाव एक तर मर्यादा एक. ती सर्वांनी मिळून वापरायची, पण सवलत मुळातून जात नाही. दोन छोटे एकत्र येऊनही छोटेच असतील तर छोटेच राहतात. ही साधी बेरीज आपल्या अधिसूचनेत कधी का झाली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

भारतात 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि दुसऱ्याच्या ब्रँडची ती अट बहुतेक मालापुरती संपली. कर आता प्रत्येक विक्रीवर आहे, त्यामुळे नावाचा मालक आपल्या विक्रीवर आपोआप कर भरतो आणि बनवणाऱ्याला वेठीला धरायची गरज उरत नाही. मालाच्या व्यापारातली 40 लाखांची मर्यादा डब्यावरचं नाव विचारत नाही. तरी जुनी सवय गेली नाही. सुरुवातीला तांदूळ-पिठासारख्या जिनसांवर नोंदणीकृत ब्रँड असेल तरच 5 टक्के कर होता. लोक नोंदणी रद्द करू लागले, तर सरकारने 15 मे 2017 ही तारीख धरून सांगितलं की त्या दिवशी नोंदलेला ब्रँड नोंदलेलाच मानू. अखेर 18 जुलै 2022 पासून ब्रँडची कसोटी सोडून ‘आधीच बांधलेलं आणि लेबल लावलेलं’ ही कसोटी आली, आणि मोठ्या ब्रँडसाठी आखलेली रेघ गिरणीवाल्याच्या पाच किलोच्या पिशवीवरून गेली.

एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानात लिज्जत पापडाची पाकिटं असतात. 1959 मध्ये गिरगावातल्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं. आज हजारो घरांत पापड लाटले जातात आणि नाव एकच आहे, पण तिथे लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची सहमालक आहे. नाव दुसऱ्याचं नाही.

महाराष्ट्रातल्या बचत गटांना मोठ्या दुकानसाखळ्या आपल्या नावाने माल करून देण्याची कामं देऊ लागल्या तर आनंदच आहे. त्यांच्यासाठी पुढे कधी सवलत लिहिली जाईल, तेव्हा मोजणी नावाच्या मालकाच्या दाराशी व्हावी. त्याची सगळी खरेदी एकत्र धरा, मर्यादा ओलांडली तर कर त्याच्याकडून घ्या, आणि चकली तळणारीला तिच्या स्वतःच्या उलाढालीवर मोजा.