पडद्यावर पोहून झालं असेल तर ऐक

नीट उभा राहा. कपाळावरचा गॉगल काढ आणि मी बोलतोय तोवर फरशीकडे बघू नकोस. काल काठावर बसून तू लहान पोरांना शिकवत होतास. पाण्याखाली कोपर उंच कसं ठेवायचं, बोटं तळाकडे कशी वळवायची, सूर मारल्यावर डोकं पंधरा मीटरच्या आत वर का यायलाच हवं. सगळं बरोबर सांगितलंस. मग स्वतः उतरलास आणि अर्धा तलाव ओलांडायच्या आत तुझं कोपर पडलं, मान वर आली, कंबर बुडाली. ती पोरं बघत होती.

तुझी आई येऊन सांगून गेली मला. मध्यरात्रीपर्यंत खोलीत कॉम्प्युटर चालू, पाण्याखालचे व्हिडिओ, तेही पुन्हा पुन्हा मागे नेऊन, संथ करून. तो कॉम्प्युटर वडिलांनी बारावीसाठी घेतलाय, यावलच्या केळीच्या पैशातून. रात्री जागायचं आणि सकाळच्या बॅचला डोळे चोळत यायचं, तेही उशिरा. पाण्याची किंमत तरी आहे का तुला? धुळ्याला जा, उन्हाळ्यात पांझरा नदीत वाळू दिसेल. तिथे नकाणे तलावाचं पाणी पिण्यासाठी राखावं लागतं, इथे आपल्याला वाघूर धरणावर जगावं लागतं. अशा मुलखात तुला रोज एक तास निवळ, मापाचा तलाव मिळतो. त्यातली वीस मिनिटं तू काठावर व्याख्यान देण्यात घालवतोस!

पाण्याखाली कॅमेरा लावणं तुमच्या पिढीने शोधलेलं नाही. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात जेम्स काउन्सिलमन नावाचे प्रशिक्षक होते, ‘डॉक’ म्हणत त्यांना. त्यांनी पोहणाऱ्यांचे हात पाण्याखालून टिपले, 1968 साली पोहण्याच्या शास्त्रावर पुस्तक लिहिलं. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये सात सुवर्णपदकं घेणारा मार्क स्पिट्झ त्यांच्याच हाताखालचा. त्या चित्रणात दिसलं, की उत्तम पोहणाऱ्याचा हात सरळ मागे येत नाही, नागमोडी येतो. झालं. ठिकठिकाणच्या तलावांवर पोरांना हात नागमोडी फिरवायला शिकवू लागले. पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की ती नागमोड बरीचशी अंग कुशीवर वळल्यामुळे येते आणि पुढे ढकलणारा जोर मुख्यतः पाणी मागे दाबण्यातूनच मिळतो. चित्रणात खोटं काहीच नव्हतं. बघणाऱ्यांनी आकार उचलला आणि जोर राहून गेला. जाणत्या प्रशिक्षकांची ही गत झाली, तिथे खुर्चीत बसलेल्या तुझी काय कथा?

पडद्यावर तुला हात झपकन मागे जाताना दिसतो, कारण कॅमेरा पोहणाऱ्याच्या बरोबरीने सरकत असतो. खऱ्या पाण्यात चांगला हात जवळजवळ रोवला जातो आणि अंग त्याच्यावरून पुढे जातं. तू मात्र पडद्यावरचा वेग बघून हात भरभर मागे ओढतोस. पाणी निसटतं, फेस होतो, तुला दम लागतो. पंजापासून कोपरापर्यंत पाण्याचा भार लागला पाहिजे. तो भार कुठल्याही स्क्रीनवर येत नाही, कितीही संथ कर.

आणखी एक सांगतो. काउन्सिलमन 1979 मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेले. वय अठ्ठावन्न. पाण्याखाली बघायला शिकवणारा माणूस त्या वयात त्या गार खाऱ्या पाण्यात उतरला. तुझं वय सतरा.

आपल्याकडचं उदाहरण हवं? नागपूरची कांचनमाला पांडे. जन्मापासून दृष्टिहीन. 2017 साली मेक्सिकोला जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत 200 मीटर मिडलेचं सुवर्णपदक तिने आणलं. मिडले म्हणजे चारही प्रकार, एकामागून एक. दृष्टिहीनांच्या गटात भिंत जवळ आली, की काठावरचा माणूस लांब काठीच्या मऊ टोकाने अंगाला टेकवून खूण करतो, एवढीच मदत. तिने एकही व्हिडिओ पाहिलेला नाही. बटरफ्लाय कशी दिसते हेही तिने कधी पाहिलेलं नाही. जे शिकली ते कानांनी, कातडीने आणि शिकवणाऱ्याच्या हातांनी. आणि मी तुझं मनगट धरून हात वळवायला गेलो तर तू म्हणतोस, सर, व्हिडिओत वेगळं दाखवलंय!

आता ज्यासाठी तुला सगळ्यांसमोर थांबवलं ते ऐक. मला कळलंय, की रविवारी तू मळ्यातल्या विहिरीत एकटा उतरला होतास. पाण्याखालून डॉल्फिन किक मारत किती वेळ राहता येतं ते बघायला. त्याआधी जोरजोरात श्वास घेतलेस, कारण कुठल्याशा व्हिडिओत तसं करताना पाहिलंस. मूर्खपणा आहे हा. श्वास घ्यावासा वाटतो तो अंगात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. भराभर श्वास घेऊन तो तू आधीच बाहेर टाकतोस, प्राणवायू मात्र फारसा वाढत नाही. मग पाण्याखाली प्राणवायू संपत येतो तरी छाती घाबरत नाही, आतून काही इशाराच मिळत नाही. सगळं ठीक वाटत असतानाच शुद्ध जाते. पट्टीच्या पोहणाऱ्यांची गेलेली आहे. व्हिडिओतल्या त्या माणसाच्या डोक्यावर, चौकटीबाहेर, कोणी लक्ष ठेवून उभं असेल तर ते तुला दिसत नाही. तुझ्या विहिरीवर कोण होतं? दर उन्हाळ्यात तापी-गिरणेच्या काठावरून पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. पोरगं बाहेर काढताना काठावर बसलेली आई कशी ओरडते ते मी ऐकलेलं आहे. तुझ्या आईला मी तसं बसू देणार नाही. विहीर असो, धरण असो, हा तलाव असो, एकट्याने दम कोंडून पाण्याखाली गेलास हे पुन्हा कानावर आलं, तर धुळ्याच्या स्पर्धेच्या यादीतून तुझं नाव मी स्वतः कापीन. मग वडिलांना घेऊन आलास तरी ऐकणार नाही.

व्हिडिओ बघूच नकोस असं मी म्हणत नाही. संध्याकाळी एक बघ, दोन मिनिटांचा, आणि त्यातली एकच गोष्ट धर. श्वास घ्यायला मान किती वळते, एवढंच, किंवा भिंत सोडताना दंड कानांना कसे चिकटतात, एवढंच. मग कॉम्प्युटर बंद करून झोप. सकाळी तेवढी एक गोष्ट घेऊन पाण्यात ये, दुसरी नको. शनिवारी मी फोनवर तुझंच पोहणं टिपीन, दोघं मिळून बघू. स्वतःचं कोपर पडताना बघशील तेव्हा काठावर बसून शिकवायचं धाडस होतं का तेही बघू.

आणि त्या लहान पोरांना आज तूच सांगायचं, की विहिरीत काय केलंस आणि ते का करू नये.

पोऱ्या, पाणीमा उतर आता. दोन्ही मुठी आवळ आणि मुठींनीच फ्रीस्टाइल कर. सावकाश. पाणी दाबायला पंजा नसला, की दंडाखालचा हात आपोआप कामाला लागतो. चार फेऱ्या झाल्या, की मुठी उघड आणि पाचवी फेरी कर. पंजाला काय लागलं ते मला येऊन सांग, तुझ्या शब्दांत. व्हिडिओतले शब्द वापरलेस तर पुन्हा मुठी आवळून चार फेऱ्या.