परदेशातील पत्रमित्र आणि उत्तराचे देणे

आज ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, अशा आपल्यापैकी अनेकांना 'पेन फ्रेंड' हा शब्द आठवत असेल. १९७० आणि १९८० च्या दशकांत शाळेत शिकणाऱ्या आम्हा मुलांना परदेशात एखादा पत्रमित्र असावा याचे भारी आकर्षण होते. फिनलंडमधील तुर्कू शहरात 'इंटरनॅशनल युथ सर्व्हिस' नावाची संस्था होती. १९५२ साली सुरू झालेली ही संस्था अनेक देशांतील शाळांमधून आपले अर्ज पाठवी आणि एका देशातील मुलाची गाठ दुसऱ्या देशातील मुलाशी घालून देई. काही मुलांना इंग्रजी मासिकांतील पत्रमैत्रीच्या सदरातून पत्ते मिळत. मग निळा एरोग्राम आणला जाई. तो कागद लिहून झाला की त्याच्याच घड्या घालून पाकीट करायचे. आत काहीही घालायला परवानगी नसे. त्यामुळे जे सांगायचे ते त्या एका कागदावर बसवावे लागे.

आम्ही मराठी शाळेत शिकणारी मुले. इंग्रजीचे वाक्य आधी वहीत लिहायचे, गुरुजींना दाखवायचे आणि मग एरोग्रामवर सुवाच्य अक्षरात उतरवायचे. उत्तर यायला तीन आठवडे लागत, कधी दीड महिना. पोस्टमन वाडीच्या तोंडाशी दिसला की खेळ थांबे. आलेल्या पाकिटावरची तिकिटे बशीतल्या पाण्यात भिजवून सोडवायची आणि वहीत चिकटवायची, हा त्यापुढचा सोहळा.

परंतु तिकिटांपेक्षाही मोलाची गोष्ट होती ती म्हणजे पत्रातले प्रश्न. फिनलंडमधील मुलगी विचारी, "तुमच्या खिडकीतून कोणते झाड दिसते? विहिरीचे पाणी उन्हाळ्यात किती खाली जाते? पावसाच्या आवाजात झोप येते का?" आम्ही रोज त्या विहिरीवर पाणी भरत होतो, पण पाणी किती खाली जाते हे कधी मोजले नव्हते. प्रश्न आला म्हणून दोर टाकून हात मोजले. हजारो मैलांवरच्या एका मुलीने विचारले म्हणून आम्हाला आमचेच अंगण नीट पाहावे लागले. आणि तिने लिहिले की, त्यांच्या देशाच्या अगदी उत्तरेला हिवाळ्यात कित्येक दिवस सूर्य उगवतच नाही, तेव्हा भूगोलाच्या पुस्तकातले ते वाक्य पहिल्यांदाच खरे वाटले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. जिला कधी पाहिले नाही, पुढेही पाहण्याची शक्यता नाही, अशा व्यक्तीच्या पत्राला उत्तर देणे आपल्याला इतके आवश्यक का वाटावे? उत्तर दिले नाही तर कोणी रागावणार नव्हते. वाटेत भेटून कोणी जाब विचारणार नव्हते. तरीही उत्तर राहिले की मनाला टोचणी लागे. ही टोचणी कोणत्या कर्तव्याची?

टपालाच्या इतिहासात या प्रश्नाशी जुळणारी एक गोष्ट सापडते. १८७४ साली स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात २२ देशांनी एक करार केला आणि आजच्या जागतिक टपाल संघाचा पाया घातला गेला. भारत त्यात १८७६ साली सामील झाला. त्यापूर्वी परदेशी पत्र म्हणजे मोठे किचकट काम असे. प्रत्येक देशाशी वेगळा करार, वेगळे दर. बर्नच्या कराराने सर्व सदस्य देशांचा मिळून टपालासाठी जणू एकच प्रदेश मानला. पैशांचा प्रश्न मात्र उरला. तिकिटाचे पैसे पाठवणाऱ्या देशाला मिळणार आणि पत्र घरोघर पोहोचवण्याचे श्रम दुसरा देश करणार. मग त्याला मोबदला काय? ठरले असे की, ज्याने तिकीट विकले त्यानेच पैसे ठेवावेत, हिशेब करूच नये. कारण प्रत्येक पत्राला उत्तर येतेच. आज तुम्ही आमचे पत्र वाटाल, उद्या आम्ही तुमचे वाटू.

सरकारांनी केलेल्या करारामागे इतका साधा विश्वास असावा, याचे नवल वाटते. पुढे अनुभव आला की देवघेव सारखी नसते. काही देशांत येणारे टपाल जाणाऱ्या टपालापेक्षा फार जास्त होते आणि वाटपाचा खर्च त्यांच्या अंगावर पडत होता. म्हणून १९६९ च्या टोकियो परिषदेत मोबदल्याची पद्धत ठरली व ती १९७१ पासून अमलात आली. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे जगाचे टपाल 'पत्राला उत्तर येते' या भरवशावर चालले.

ही विषमता आम्हा मुलांनाही माहीत होती. परदेशी टपालाचा खर्च आमच्या घरांना परवडेलच असे नसे. यावर उपाय म्हणून टपाल संघाने १९०६ साली आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन मान्य केले होते. पत्र पाठवणाऱ्याने आपल्या देशात ते विकत घ्यायचे आणि पाकिटात घालून पाठवायचे. ज्याला मिळेल त्याने ते पोस्टात देऊन परदेशी पत्रापुरती तिकिटे घ्यायची. असे कूपन एखाद्याच्या घरी आले की चर्चा होई. आजी विचारी, "दुसऱ्याच्या पैशाने पत्र लिहायचे का रे?" प्रश्न बरोबर होता. समोरच्याने खर्च केला म्हणून आपण लिहायचे, तर ती मैत्री की परतफेड?

आम्हाला वाटते, याचे उत्तर त्या कूपनातच आहे. कूपनाने तिकीट मिळते, मजकूर मिळत नाही. विहिरीवर जाऊन दोर मोजण्याची तसदी कोणी विकत घेऊ शकत नाही. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने तिकिटाचा भार उचलावा आणि ज्याच्याकडे कमी आहे त्याने संकोच न करता मनापासून लिहावे, एवढे झाले की दोघे बरोबरीचे होतात. कर्ज फेडले की संपते. उत्तर दिले की नवा प्रश्न येतो आणि संबंध पुढे चालू राहतो. उत्तराचे देणे ते हेच.

यावर कोणी म्हणेल, दूरच्या माणसावर माया करणे सोपे असते. तो आपल्या बांधावर अतिक्रमण करत नाही, त्याच्या घरचा आवाज आपली झोप मोडत नाही. फिनलंडला गोड पत्र लिहायचे आणि शेजारच्या चुलत्यांशी वर्षभर अबोला धरायचा, यात कसला मोठेपणा? हा आक्षेप खोटा नाही. अशी उदाहरणे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण म्हणून दूरची मैत्री खोटी ठरत नाही. पत्रमैत्रीत एक सवय लागत असे. समोरच्याने काय विचारले आहे ते पुन्हा वाचायचे आणि त्याचेच उत्तर द्यायचे. ही सवय शेजारीही उपयोगी पडते. तिथे ती वापरायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

दुसरा आक्षेप आजच्या आईवडिलांचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. अनोळखी माणसावर विश्वास ठेवावा का? उत्तर कूपनाचेच पाहा. १९२० साली अमेरिकेतील बोस्टन शहरात चार्ल्स पाँझी याने, एका देशात ही कूपने स्वस्तात घेऊन दुसऱ्या देशात नफा कमावतो असे सांगून हजारो लोकांचे पैसे घेतले. प्रत्यक्षात तो नव्यांच्या पैशांतून जुन्यांना देत होता. जिथे विश्वास असतो तिथे फसवणूकही जागा शोधते. आमच्या वेळी पत्ता बहुधा शाळेतून येई, पत्र घरातले सगळे वाचत आणि उत्तर लिहायला चार दिवस हाताशी असत. आज मुलांच्या हातातील मोबाईलवर अनोळखी माणूस क्षणात येतो आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नसतो. म्हणून मुलांना जपलेच पाहिजे. मात्र जपताना 'परका म्हणजे वाईट' एवढेच शिकवले, तर त्यांचे जग फार लहान होईल.

आमची पत्रे पुढे थांबली. कोणाची दहावी आली, कोणी नोकरीला लागले, कोणाचा पत्ता बदलला. तुर्कूची ती संस्था २००८ साली बंद झाली. डेन्मार्कच्या सरकारी टपालसेवेने तर २०२५ च्या अखेरीस पत्रे वाटणेच थांबवले. चारशे वर्षांची परंपरा संपली. मैत्री संपली म्हणून ती खरी नव्हती असे म्हणता येत नाही. ज्या प्रश्नांना मनापासून उत्तरे दिली गेली, ती दिली गेलीच.

आज आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांतील मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत. निरोप पोहोचायला महिना लागत नाही, क्षण पुरतो. तरीही अनेक आई-वडील मोबाईलवरच्या दोन निळ्या खुणांकडे पाहत बसलेले असतात. निरोप वाचला गेला, हे त्यांना कळते. उत्तर येत नाही, किंवा हात जोडल्याचे चित्र येते. आईने विचारलेले असते, "गुडघा कसा आहे? खोलीत ऊब असते का? सोबतीला कोण असते?" उलट बाजूनेही तसेच घडते. तिकडून मुलगी विचारते, "आंब्याला मोहर आला का?" आणि तिला इकडून सुविचाराचे चित्र मिळते.

प्रश्न विचारणारा माणूस आपल्यासाठी थोडी जागा रिकामी ठेवून बसलेला असतो. या आठवड्यात आपल्याकडे असा कोणाचा प्रश्न पडून आहे का, ते पाहावे. असल्यास त्याने जे विचारले आहे तेच नीट वाचावे, गरज पडल्यास उठून अंगणातला मोहर पाहून यावे आणि मग लिहावे.