हाड लांब आहे, म्हणून?

कानाखाली कवटीच्या तळापासून निघून गळ्याच्या दिशेने उतरणारे एक सुईसारखे हाड असते. त्याला स्टायलॉइड म्हणतात. सर्वसाधारणपणे ते अडीच सेंटिमीटरच्या आसपास भरते, तीनच्या पुढे गेले की लांब मानले जाते. चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्याने वर्षानुवर्षे पिचलेल्या माणसाच्या सीटी स्कॅनवर जेव्हा ‘स्टायलॉइड लांबलेले’ असा शेरा येतो, तेव्हा त्याला जो आनंद होतो तो निरोगी माणसाला विचित्र वाटेल. काहीतरी सापडले! डोळ्यांना दिसणारे, मोजता येणारे आणि मुख्य म्हणजे कापून काढता येणारे. मलाही तो झाला. गालातले विजेचे झटके जुने आहेत. गिळताना घशात उजवीकडे टोचते आणि कळ कानाकडे जाते, हे नवे. टॉन्सिलच्या जागेतून आत शिरून हाडाचा वाढीव भाग काढता येईल, असे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितले. निर्णय तुमचा, असेही म्हणाले.

निर्णय माझाच, पण तो घेण्याच्या सर्वांत वाईट अवस्थेत मी आहे. हाड लांब असणे हे शस्त्रक्रियेला पुरेसे कारण नाही, असे माझे मत होत चालले आहे. माझ्या दोन दुखण्यांपैकी कोणते त्या हाडाचे, हे आधी ठरायला हवे. ते ठरवण्याची कामे कंटाळवाणी आहेत, म्हणून ती राहून जातात.

या हाडाच्या दुखण्याला ईगल सिंड्रोम म्हणतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले घशाचे सर्जन वॉट ईगल यांनी १९३७ साली त्याचे वर्णन केले. त्यांच्या पहिल्या प्रकारातले रुग्ण टॉन्सिल काढून झालेले होते. शस्त्रक्रियेनंतर तिथे व्रण धरतो, त्यात आजूबाजूच्या नसा ओढल्या जातात, असा त्यांचा तर्क. म्हणजे घशात सुरी फिरल्यावर सुरू झालेले दुखणे, आणि त्यावरचा तोंडातून करायचा उपायही त्याच वाटेने. लांब हाड शंभरात चारेक माणसांत असावे आणि त्यातल्याही थोड्यांनाच त्रास व्हावा, असा ईगल यांचाच अंदाज होता. उरलेले लोक ते हाड घेऊन सुखाने जेवतात, जांभया देतात, म्हातारे होतात. त्यांचा स्कॅन कुणी काढत नाही, एवढेच.

नसेचीही हीच गोष्ट. चेहऱ्याची पाचवी नस, ट्रायजेमिनल, मेंदूतून बाहेर पडते तिथे एखादी रक्तवाहिनी तिच्यावर टेकलेली असते, हे वॉल्टर डँडी यांनी १९३४ मध्ये मांडले. पुढे पीटर जॅनेटा यांनी रक्तवाहिनी आणि नस यांच्यात बोळा ठेवून त्यांना वेगळे करण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. ती अनेकांना तारते. तरीही अशी टेकलेली रक्तवाहिनी एमआरआयमध्ये काही दुखत नसलेल्या माणसांतही दिसते. चित्रात दिसते ते खरे असते, पण दुखण्याचे मूळ तेच असेल असे नाही.

मग ओळखायचे कसे? बरेचसे रुग्णाच्या सांगण्यावरून. ट्रायजेमिनलची कळ क्षणभराची, विजेसारखी असते. दात घासणे, तोंड धुणे, बोलणे, गालावर वारा लागणे, कशानेही ती उठते. आमच्या फरीदाबादच्या जानेवारीत स्कूटरवरून बाजारात जाणे म्हणजे तिला बोलावणे धाडणे. मफलर घट्ट बांधावा तर लोकरीचा स्पर्शही पुरतो. ईगलचे दुखणे बहुधा मंद, सतत राहणारे, घशात काही अडकल्यासारखे. मान वळवली की वाढणारे. यांच्या मध्ये तिसरी एक शक्यता आहे, घशाची नववी नस. तिचे दुखणे फार विरळा, पण कळ ट्रायजेमिनलसारखीच झटक्याची, आणि गिळताना टॉन्सिलपाशी उठून कानात जाणारी. माझ्या घशाचे वर्णन हाडापेक्षा या नसेशी जास्त जुळते, असे मला वाचताना वाटले. अर्थात रोगाविषयी वाचणाऱ्या रुग्णाला प्रत्येक वर्णन आपलेच वाटते.

कार्बामाझेपिन हे औषध १९६२ मध्ये ब्लोम यांनी ट्रायजेमिनलसाठी वापरले. त्याने आलेला आराम हाही निदानाचा एक पुरावा मानतात. नववी नसही बहुधा त्याला दाद देते. हाडाच्या टोचण्यावर त्याचा तेवढा भरवसा नाही. म्हणून गोळीचा डोस नीट बसवून काही आठवडे कोणते दुखणे किती उतरते, याची वही ठेवणे ही चांगली तपासणी आहे. तिला यंत्र लागत नाही, म्हणून तिला मान नाही.

ट्रायजेमिनलच्या रोगाचा एक स्वभाव निर्णयाच्या आड येतो. तो महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही, आपणहून थांबतो. माणूस शस्त्रक्रियेला तयार होतो तो दुखणे टोकाला गेल्यावर. टोकानंतर उतार येणारच होता, आणि श्रेय सुरीला मिळते. १९५९ मध्ये अमेरिकेत हृदयशूळासाठी छातीतली एक धमनी बांधण्याच्या शस्त्रक्रियेची परीक्षा झाली. काही रुग्णांच्या त्वचेला फक्त छेद दिला, धमनी बांधलीच नाही. त्यांनाही तितकाच आराम पडला. ती शस्त्रक्रिया त्यानंतर मागे पडली. ‘अमक्याने ऑपरेशन केले आणि तो बरा झाला’ हे वाक्य ऐकताना मला ते छेद आठवतात. आमच्या गल्लीत ट्रायजेमिनलच्या आजाराची ओळख ‘सलमानवाली बीमारी’ अशी आहे, कारण २०११ मध्ये सलमान खानने अमेरिकेत त्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतली. ‘वो तो नाच रहा है, आप भी करा लो,’ हा सल्ला मला भाजीवाल्यानेही दिला आहे.

आणि पैसा. फरीदाबादला आता दिल्लीकडे बघावे लागतेच असे नाही. २०१५ पासून मेट्रो आहे, २०२२ मध्ये सेक्टर ८८ मध्ये अमृता हॉस्पिटलसारखे अवाढव्य रुग्णालय सुरू झाले, कारखान्यांतल्या कामगारांसाठी ईएसआयचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. सोय वाढली. पण बहुतेक आरोग्य विमे भरती झाल्यावर पैसे देतात. बाहेरून दाखवणे, वर्षानुवर्षांच्या गोळ्या, न्यूरॉलॉजिस्टकडे चार फेऱ्या, हे खिशातून. आयुष्मान भारतचे पाच लाखही भरतीसाठीच. म्हणजे कापून घेतले तर कॅशलेस, थांबून पाहिले तर रोख. कुणी डॉक्टर लबाड असायची गरजच नाही. व्यवस्थेचा उतारच ऑपरेशन थिएटरकडे आहे. ट्रायजेमिनलच्या रुग्णांचे चांगले दात दुखण्याच्या नावाखाली उपटले जाणे ही सगळ्या जगातली जुनी कथा. दाताच्या डॉक्टरला दात दिसतो, घशाच्या डॉक्टरला घसा. दोघांना एका टेबलाशी बसवण्याचे काम रुग्णाच्या घरच्यांवर येते.

याच्या उलट चूकही तितकीच होते, आणि तिचा मला जास्त राग आहे. चेहऱ्याच्या नसेचे निदान एकदा फाइलवर चढले की पुढची प्रत्येक तक्रार त्याच खात्यात जमा होते. ‘तुमचं ते नसेचंच आहे, गोळी वाढवा.’ नसेचा रोग असलेल्याला ईगल होऊ शकत नाही, असे कुठे लिहिले आहे? हाड खरोखर टोचत असेल तर गोळी वाढवत नेणे म्हणजे फक्त गुंगी आणि रक्तातले सोडियम उतरण्याचा धोका. निवडून घेतलेल्या रुग्णांना हाड काढल्याने बरे वाटते, यात शंका नाही. माझा सगळा जोर ‘निवडून’ या अटीवर आहे.

करायचे ठरलेच, तर माझ्यासारखीचे प्रश्न वेगळे असतात. भूल देताना मास्क गालावर दाबणार, जबडा ताणून उघडा ठेवणार. हे भूलतज्ज्ञाला आधी सांगायला हवे. कार्बामाझेपिन चालू असलेल्यांत स्नायू शिथिल करणाऱ्या काही औषधांचा असर लवकर उतरतो, हेही त्यांच्या कानावर असावे. उपाशी राहायचे असले तरी सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, हे लेखी विचारून घ्यावे. घसा सुजल्यावर ती गिळता येणार नाही, म्हणून पातळ औषध आधीच आणून ठेवावे. आणि घशाच्या शस्त्रक्रियेनंतर सगळे प्रेमाने आइस्क्रीम पुढे करतात! माझ्या बहिणीने फोनवर तेच सांगितले: ‘ताई, मजा आहे तुझी.’ गालाला गार लागले की काय होते, हे तिला समजावण्यात अर्धा तास गेला.

सध्या ठरले आहे ते एवढे: टॉन्सिलच्या जागी बधिर करणारे इंजेक्शन देऊन पाहायचे. घसा शांत झाला आणि गाल तसाच राहिला, तर शस्त्रक्रियेचा विचार पुढे नेईन, पण घशापुरता. गालाची आशा तिच्यावर ठेवणार नाही. दोन्ही तसेच राहिले तर हाड आहे तिथे राहू दे. अडचण घसा शांत होण्यातही आहेच, कारण ते इंजेक्शन नववी नसही बधिर करते आणि दोष हाडाचा की नसेचा हे त्यातून कळत नाही. तेव्हा टॉन्सिलच्या जागी बोटाने दाबल्यावर नेमके तेच दुखणे उठते का, आणि गोळीने घसा किती उतरला, हे वहीशी ताडून पाहावे लागेल. वहीत सध्या गालाच्या नोंदी भरपूर आहेत, घशाच्या अपुऱ्या.