आवरणारा हात आणि जखडणारा हात



मी शिक्षक आहे. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला पहिला मीच. दरवर्षी कोणी ना कोणी पालक शाळेत येऊन मला म्हणतात, "गुरुजी, पोरगं ऐकत नसेल तर हातपाय बांधून ठेवा, पण शिकवा." म्हणणाऱ्याच्या मनात आकस नसतो, शिक्षण हुकण्याची भीती असते. ती भीती मी ओळखतो. माझे वडीलही हेच म्हणत. तरीही आज मी आपल्याला विचारतो : मुलाला बळाने धरण्याचा अधिकार शिक्षकाला आहे काय? असल्यास केव्हा आणि किती वेळ?

आधी माझाच दोष सांगतो. चौथीतल्या दोन मुलांचे भांडण जुंपले. एकाने दगड उचलला. मी धावलो आणि मागून त्याचे दोन्ही हात धरले. दगड खाली पडला, दुसरा मुलगा वाचला. इथपर्यंत मी योग्य तेच केले, असे मला आजही वाटते. पण त्या झटापटीत त्याने मला शिवी दिली होती आणि सारा वर्ग पाहत होता. दगड पडल्यावरही मी त्याला सोडले नाही. ओढत नेऊन, मनगट घट्ट धरून, मधल्या सुट्टीपर्यंत फळ्यापाशी उभे केले. सोडले तेव्हा मनगटावर माझ्या बोटांचे वळ होते. दगड पडेपर्यंत मी मुलाला आवरत होतो. त्यानंतर माझ्या अपमानाची वसुली करीत होतो.

बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात अहिंसेचा विचार करताना त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे ते सांगतात. तत्त्व माणसाला परिस्थिती पाहून वागण्याची मोकळीक देते, आणि म्हणूनच त्याच्यावर जबाबदारीही टाकते. हाच भेद शिक्षकाच्या हाताला लावून पाहा. धरण्याची गरज वेगळी, धरून ठेवण्याची इच्छा वेगळी.

मज्झिम निकायात अभय राजकुमाराचे सुत्त आहे. राजकुमाराच्या मांडीवर तान्हे मूल होते. भगवंतांनी त्याला विचारले, या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? राजकुमार म्हणाला, मी तो काढीन. सहज निघाला नाही तर डाव्या हाताने डोके धरून, उजव्या हाताचे बोट वाकवून, रक्त आले तरी काढीन. कारण मला या मुलाची करुणा आहे. अप्रिय पण हितकर वाणी केव्हा बोलावी, हे सांगण्यासाठी भगवंतांनी हा दाखला घेतला. पण शिक्षकाने तो आपल्या हातासाठीही घ्यावा. इथे धरणे आहे, वेदनाही आहे. मात्र संकट त्याच क्षणी समोर उभे आहे, आणि बोट खड्याकडे जाते, मुलाच्या गालाकडे नाही. खडा निघाल्यावर डोके धरून ठेवण्याचे कारण उरत नाही.

यातून कसोटी निघते. कोणाला तत्काळ इजा होणार असेल आणि समजावून, बाजूला सरून, मदत बोलावून भागणार नसेल, तरच धरावे. छातीवर किंवा पाठीवर भार देऊन दाबू नये, श्वास कोंडतो. फेफरे आलेल्या मुलाला तर दाबून धरूच नये. आसपासच्या वस्तू दूर कराव्यात, झटके थांबले की एका कुशीवर वळवावे. धोका टळताच सोडावे. आणि घडले ते त्याच दिवशी पालकांना सांगावे. जे सांगायची लाज वाटते, ते बहुधा करण्यासारखे नव्हते.

बाकाला बांधणे, खोलीत कोंडणे यांत कोणतेही संकट टळत नाही. ती शिक्षाच आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे.

आपण तर हे विसरताच कामा नये. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना कोणी दोरीने बांधले नव्हते. पण घरून आणलेल्या गोणपाटावर त्यांना वेगळे बसावे लागे, आणि तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. दोरीवाचूनही मूल जखडता येते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीच गुरुजींच्या हाती दोरी द्यावी काय?

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्या मुलाला म्हणालो, "दगड सोडवला ते बरोबर होतं. नंतर धरून ठेवलं, ते माझं चुकलं." तो काही बोलला नाही. संध्याकाळी त्याची आई आली. मला वाटले, भांडायला आली. ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही खरंच चुकलो म्हणालात?" मी होय म्हणालो. ती बराच वेळ उभी राहिली, मग पोराच्या अभ्यासाचे विचारू लागली.

म्हणून आपल्याला विनंती आहे. पुढच्या वेळी शाळेत याल तेव्हा "बांधून ठेवा" म्हणू नका. म्हणा, "गुरुजी, धरावंच लागलं तर धरा, लगेच सोडा, आणि मला सांगा." घरीही स्वतःला हेच बजावा.

जयभीम!