आधी ओळखा, मग उपटा

वह्या मिटा. पेनं खाली ठेवा आणि माझ्याकडे बघा.

शनिवारी तुम्ही सात रस्त्याच्या आपल्या फुलपाखरू बागेत श्रमदान केलंत. घाम गाळलात, हे मला मान्य आहे. पण कशासाठी गाळलात? बाग ‘स्वच्छ’ केलीत म्हणे! ‘तणमुक्त’ अशी पाटी रंगवून तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढलेत. आज सकाळी मी कुंपणापाशी टाकलेला तुमचा ढीग उपसला. त्यात रुई होती, किडामारी होती, घोळ होती, टाकळा होता. रुईच्या सुकलेल्या पानांवर अळ्या होत्या. पांढरे-काळे-पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या शेंड्यांच्या तीन जोड्या. कोणाच्या अळ्या त्या? सांगा की! गेल्या महिन्यात केशरी पंखांचं प्लेन टायगर बागेत आलं तेव्हा मोबाईल घेऊन धावला होतात ना? त्याचीच लेकरं तुम्ही ढिगात फेकलीत.

‘सर, ते तण होतं,’ हे उत्तर मला नको. तुम्हाला नाव ठाऊक नाही म्हणून झाड तण ठरत नाही. ज्याला नाव विचारल्यावर खाली बघावं लागलं, त्याला ते झाड उपटायचा अधिकार कोणी दिला?

‘पण आम्ही फुलझाडं लावली की!’ लावलीत. झेंडू लावलात, रोपवाटिकेतून शोभेची घाणेरी आणलीत. त्यावर फुलपाखरू येईल, मध पिईल आणि निघून जाईल. अंडी घालायला मादीला तिच्या अळीचं झाड लागतं. पानावर बसून ती पुढच्या पायांनी टकटक करते, पायांनीच चव घेते. झाड चुकीचं असेल तर उडून जाते. तिची परीक्षा तुमच्यापेक्षा कडक आहे. बहुतेक अळ्या ठरावीक झाडंच खातात. ते झाड नसलं, तर झेंडूच्या ताटव्यातही त्या उपाशी मरतील.

आता किडामारीचं ऐका. आपल्या काळ्या रानात बांधाला, जमिनीसरपट वाढणारी ही साधी वनस्पती. कॉमन रोज आणि क्रिमझन रोज या फुलपाखरांच्या अळ्या तिच्या, म्हणजे सापसंदाच्या, कुळाबाहेरचं काही खात नाहीत. त्या पाल्यातलं विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. कढीपत्त्यावर वाढणाऱ्या कॉमन मॉर्मनच्या काही माद्या याच दोघांची सोंगं घेतात आणि पक्ष्यांना चकवतात. घोळीवर वाढणाऱ्या डॅनाइड एगफ्लायची मादी तशीच प्लेन टायगरचं सोंग घेते. पक्ष्याला खऱ्या विषारी फुलपाखराची कडू चव कळलेली असेल, तरच सोंग चालतं. म्हणजे किडामारी उपटलीत तेव्हा कढीपत्त्यावरच्या मॉर्मनचं संरक्षणही गेलं. रुई उपटलीत तेव्हा एगफ्लायचंही गेलं. आणि घोळ उपटून तुम्ही तिचं अन्नसुद्धा काढून घेतलंत. एका सकाळी एवढा उत्पात!

घोळीची तर मला जास्तच चीड आली. तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी तिची भाजी होते. ताटात ओळखता, मातीत ओळखत नाही? तांबूस, गुळगुळीत, मांसल खोड. चमच्यासारखी जाड पानं. बारीक पिवळं फूल. शंका असेल तर खोड मोडा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, लहान नायटी असेल. टाकळा आणि कासविंदा यांतही तुमचा असाच घोळ होतो. टाकळ्याच्या पानाला बहुधा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात, टोकं गोलसर असतात. कासविंद्याला जोड्या जास्त आणि टोकं अणकुचीदार. किडामारीचं पान राखट हिरवं, हृदयाच्या आकाराचं. चुरगाळलंत तर उग्र वास येतो, आणि फूल काळपट जांभळ्या नळीसारखं असतं. पानांची मांडणी, चीक, वास, फूल, शेंग: एवढं तपासल्याशिवाय नाव उच्चारायचं नाही. मोबाईलमधलं ॲप अंदाज सांगतं. खात्री तुम्हीच करायची.

आणि सगळीच झाडं चाखून, हुंगून बघायची नाहीत. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. रुईला हात लावलात तर आधी हात धुवायचे, मगच तोंडाला लावायचे.

तुमच्याकडे साधनं नाहीत असंही नाही. कारवारच्या मुलखात एक कलेक्टर, एक वनाधिकारी आणि एक मीठ-जकात खात्यातला अधिकारी, म्हणजे डेव्हिडसन, बेल आणि एटकेन, नोकरी सांभाळून अळ्या पाळत होते. कुठली अळी कुठलं पान खाते, हे बघून लिहून ठेवत होते. त्यांचे लेख १८९६ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. बेल यांची मैदानी प्रदेशातल्या फुलपाखरांवरची लेखमाला १९०९ मध्ये सुरू झाली. त्यांच्याकडे ना मोबाईल होता ना ॲप. अळी सापडली की पाला आणायचा, ती काय खाते ते बघायचं, आणि फुलपाखरू बाहेर पडेपर्यंत धीर धरायचा. तुम्हाला मात्र दोन आठवड्यांचा धीर निघत नाही. पानाला भोक दिसलं की बाग ‘खराब’ झाली!

लिंबाच्या रोपावर औषध कोणी फवारलं? नाव मला ठाऊक आहे, वर्गात घेणार नाही. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं आणि किळस आली, हो ना? ती लाइम बटरफ्लायची अळी होती. लहान असताना ती तशीच दिसते, तेच तिचं लपणं. मोठी झाली की हिरवी होते, डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंग काढून उग्र वास सोडते. देशात महाराष्ट्रानं सर्वांत आधी, २०१५ मध्ये, राज्य फुलपाखरू निवडलं, ते ब्लू मॉर्मन, हे तुम्ही सामान्यज्ञानात घोकलंत आणि गुण मिळवलेत. त्या राज्य फुलपाखराच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातली पानं खातात, हे एकालाही सांगता आलं नाही. फुलपाखरांच्या बागेत अळ्यांना औषध मारायचं, हा कुठला न्याय?

मी काहीच उपटू नका म्हणत नाही. गाजर गवत उपटा, फुलण्याआधी मुळासकट काढा, हातमोजे घालून काढा. पण त्याला ओळखून काढा. ओळखून उपटलंत तर ती निगा, न ओळखता उपटलंत तर ती नासधूस.

आपलं सोलापूर कोरडं. पहिल्या पावसानंतर बांधावर, पडीक जागेत, रुळांच्या कडेला जी हिरवाई उगवते, तीच इथल्या अळ्यांची शिदोरी. तरवड, टाकळा, कोरांटी, बाभूळ, वाघाटी. यांना कोणी पाणी घालत नाही, खत देत नाही. तुम्ही फक्त हात आवरायचा होता.

आता कामाचं. ‘तणमुक्त’ पाटी आजच उतरवायची. उद्यापासून बागेतल्या प्रत्येक झाडापाशी चिठ्ठी लागेल: मराठी नाव, शास्त्रीय नाव, आणि त्यावर कोणाची अळी वाढते ते. शास्त्रीय नाव वनस्पतींच्या पुस्तकातून ताडून घ्यायचं, एकमेकांच्या वहीतून नाही. रविवारी सकाळी सात वाजता कंबर तलावाच्या काठी हजर व्हायचं. तिथं प्रत्येकानं पाच रानझाडं मला ओळखून दाखवायची, पानं न तोडता. किडामारीचं बी आणि रुईची रोपं आपण पुन्हा लावू. ज्याला पाच झाडं ओळखता येणार नाहीत, त्याच्या हातात खुरपं देणार नाही. त्यानं पाणी घालायचं, बघायचं आणि शिकायचं.

तुम्हाला फुलपाखरं आवडतात, यावर माझा विश्वास आहे. म्हणून तर एवढं बोललो. आवडतात ना? मग त्यांच्या अळ्यांचं जेवण कुठं उगवतं, हे पाठ करा. प्रश्न असतील तर आत्ता विचारा. नसतील तर उठा आणि आधी ती पाटी काढा.