साडेसातीचा हिशेब

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. तिथल्या जुन्या घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत. रात्री कुत्रं आत शिरू नये म्हणून चौकटीला एखादी फळी लावायची, आडोशाला पडदा सोडायचा, एवढाच बंदोबस्त. चोराला शनिदेव सोडत नाही, अशी गावाची श्रद्धा. २०११ मध्ये युको बँकेने इथे शाखा काढली, तीही ‘बिनकुलपाची’ म्हणून गाजली. प्रत्यक्षात तिच्या काचेच्या दाराला रिमोटवर चालणारं, सहज न दिसणारं विद्युतचुंबकीय कुलूप होतं. देवाचा मान राखला गेला आणि ठेवीदारांचाही! २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणंही आलं.

याला देवावरचा भरवसा म्हणायचं का? म्हणता येईल, पण अर्धाच. घरधनी निर्धास्त झोपतो तो चोर घाबरेल या खात्रीवर. आणि जो देव या एका गावाची राखण करतो, त्याच्याच धास्तीने उरलेला महाराष्ट्र शनिवारी तेल घेऊन रांगेत उभा राहतो.

या धास्तीचं गणित एकदा मांडून पाहण्यासारखं आहे. शनीला राशीचक्राची एक फेरी पुरी करायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षं. जन्मराशी, तिच्या आधीची आणि नंतरची, अशा तीन राशींची मिळून होते साडेसाती. याचा अर्थ असा की कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती चालूच असते. ढोबळमानाने दर चार माणसांमागे एकाला. साडेसात वर्षांच्या मुदतीत कुणाची नोकरी जाते, कुणाच्या घरात आजारपण येतं, कुणाचं लग्न मोडतं. उरलेल्या तिघांच्या घरीही हे सगळं घडतच असतं. फक्त ते खातं शनीच्या नावावर पडत नाही.

भीतीचा धंदा बुडत नाही तो यामुळेच. शांत केली आणि संकट टळलं, तर शांत लागू पडली. संकट आलंच, तर विधीत काहीतरी कसूर राहिली, पुन्हा करा. बिचाऱ्या यजमानाला हरण्याखेरीज दुसरा डावच नाही.

वारकऱ्यांचा विठ्ठल या बाबतीत अगदी वेगळा. त्याच्या भक्तांची चरित्रं चाळली तर विघ्न टळल्याच्या कथा आहेत, नाही असं नाही. पण विघ्न न टळल्याच्या कथा अधिक ठळक आहेत आणि परंपरेने त्या झाकून ठेवलेल्या नाहीत. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर वेठीला धरलेले चोखोबा १३३८ मध्ये भिंत कोसळून तिच्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी दिली. विठ्ठलाने भिंत का धरली नाही, हा प्रश्न परंपरेला अडचणीचा वाटला नाही. भक्त ढिगाऱ्याखाली सापडला म्हणून त्याची भक्ती खोटी ठरली नाही.

तुकोबांचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. १६३० च्या दुष्काळात दुकान बसलं, दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. अशा घटनेनंतर माणूस एकतर देव सोडतो किंवा गंडेदोरे धरतो. देहूचा हा महाजन मात्र, चरित्रकार सांगतात, वडिलोपार्जित सावकारीची खतं घेऊन बसला, निम्मी धाकट्या भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. पुढच्या दुष्काळात हाताशी असावा असा जो एकमेव आधार होता, तोच त्याने पाण्यात टाकला. ऋणकोंची त्यात सुटका झाली, ही गोष्ट भक्तीच्या भरात विसरायची नाही. भीती सुटलेल्या माणसाचा पहिला लाभ शेजाऱ्यापाजाऱ्यांना झाला.

इथे एक सावधगिरी हवी. देवावर हवाला ठेवा, हे वाक्य सोसणाऱ्याच्या तोंडी वेगळं आणि सोसायला लावणाऱ्याच्या तोंडी वेगळं. चोखोबांच्या अंगावरची भिंत आभाळातून पडली नव्हती. ती बांधणाऱ्यांना वेठीला माणसांनीच धरलं होतं. त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आणि त्यांच्या समाजाला मंदिराचं दार बंद, ही स्थिती पुढे सहाशे वर्षं टिकली. ती मोडायला १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. पांडुरंग पाहून घेईल असं म्हणून गुरुजी घरी बसले नाहीत, आणि त्यांच्या श्रद्धेबद्दल कुणी शंका घ्यावी असंही त्यांचं आयुष्य नव्हतं.

हाच समंजसपणा २०२० च्या आषाढीला दिसला. करोनामुळे पायी वारी थांबली. १ जुलैच्या एकादशीसाठी माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटी बसमधून, मोजक्या माणसांसह पंढरपूरला गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या न चुकलेली वाट चुकल्याने अनर्थ होईल, असा गवगवा करायला ती नामी संधी होती. बहुसंख्य वारकऱ्यांनी ती घेतली नाही. त्यांनी घरीच टाळ वाजवले, हरिपाठ म्हटला आणि खरिपाच्या कामाला लागले. २०२१ मध्येही पादुका बसनेच गेल्या. २०२२ मध्ये पालख्या पुन्हा पायी निघाल्या, तेव्हा वाटेवर सरकारी आरोग्य पथकं आणि पाण्याचे टँकर होते. गोळ्या घेऊन, पायाला मलम लावून लोक पुढच्या मुक्कामाकडे निघत होते. डॉक्टरकडे गेल्याने विठ्ठल रागावेल, ही शंका त्या रांगेत कुणाला आली नाही.